एकाच हाताचा अँटेना

प्रिय आई,

गुडघे काय म्हणताहेत? तुम्ही लेकीकडे गेल्यापासून मला ओरडायला कुणी नाही, त्यामुळे दूध रोज उतू जातंय. फोनच केला असता, पण तुमची लेक तो स्पीकरवर टाकते, आणि हे आधी फक्त तुम्हाला सांगायचंय.

आधी कामाचं सांगते. गोदामातल्या खोक्यांवरचे टॅग दुरूनच वाचणारा तो रीडर, ज्याला तुम्ही इस्त्री म्हणायचात, त्याचा अँटेना पूर्वी ताटाएवढा असे. तो मला साबणाच्या वडीएवढा करायचा होता. पण मूर्ती लहान आणि नखरे महान! टेबलावर ठेवला की गुणी बाळ, हातात धरला की बिघडला. माणसाचा हात जवळ आला की लहान अँटेनाचा सूरच हलतो. म्हणून तो किती दुरून वाचतो हे मोजताना कुणालातरी तो मुठीत धरून स्वस्थ उभं राहावं लागतं, आणि आमच्या ऑफिसात स्वस्थ उभं राहणारा माणूस एकच, साचेवाले. रीडरच्या प्लास्टिकच्या कवचाचे साचे तेच करतात. आपल्या मागच्या दाराची कडी बसवून गेले होते, तेच. माणूस मोजकं बोलतो पण कडी नीट बसवतो, असं तुम्हीच म्हणाला होतात.

ते रोज यायचे, उभे राहायचे, मी अँटेनाची तांब्याची पट्टी केसभर कापायची आणि पुन्हा मोजायची. आकडे असे सुरेख आले की मी हवेतच होते. मग गिऱ्हाईकाकडची एक किडकिडीत मुलगी तपासणीला आली. तिने रीडर हातात घेतला आणि समोरच्या टेबलावरचं खोकंसुद्धा त्याला दिसेना. साचेवाल्यांनी धरला तर भिंतीपलीकडचं वाचतोय. साहेबांनी शांतपणे विचारलं, बाई, हा नेमका कुणाच्या हातासाठी केलाय? सगळ्यांनी साचेवाल्यांकडे पाहिलं. ते कानापर्यंत लाल, आणि मी उगाचच टेबलावरच्या पट्ट्या आवरायला लागले.

मग जाडे, बारके, घामट, डावखुरे, मिळतील ते हात गोळा केले. अँटेना मुठीपासून थोडा पुढे सरकवला, पल्ला जरा कमी होऊ दिला. आता तो कुणाच्याही हातात चालतो. गिऱ्हाईक खूश, साहेब खूश. त्या संध्याकाळी साचेवाले दारात थबकले आणि म्हणाले, आता मी कुठल्या निमित्तानं येऊ? मी म्हटलं, निमित्त कशाला हवंय. आई, बोलून गेल्यावर कळलं की मला हे कधीपासून म्हणायचं होतं.

आम्ही लग्न करतोय. तुमचा मुलगा गेल्यावर तुम्ही मला या घरात धरून ठेवलंत; तुम्हाला हे ऐकून काय वाटेल याची मला भीती वाटते. तुम्ही नको म्हणालात तर मी थांबेन, असं खोटं लिहिणार नाही. पण तुमच्याशिवाय मला ते गोड लागणार नाही. तुमची खोली तुमचीच आहे, हे मी सांगायच्या आधी त्यांनीच सांगितलं. नोंदणीच्या वेळी माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून एक सही लागते. ती तुम्ही कराल का? माझी आई आज असती, तरी मी आधी तुम्हालाच विचारलं असतं.

तुमचीच,
धांदरट सून