भोपळ्याची कॅसेट

॥ ॐ नमः शिवाय ॥

युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड
दि. १४ नोव्हेंबर १९९७

चि. राजेश्वर यास,

अप्पाचा आशीर्वाद. घरी सर्व ठीक आहे. तूर फुलात आहे, ज्वारीने जोर धरला आहे, विहिरीचे पाणी संक्रांतीपर्यंत पुरेल असा अंदाज आहे. तुझ्या आईचे गुडघे थंडीबरोबर पुन्हा तक्रार करू लागले आहेत. तेल चालू आहे.

या पत्राचे साध्य आरंभीच मांडतो. तू जपानहून पाठविलेल्या तिथल्या स्वयंपाक-स्पर्धेच्या कॅसेटा या घरात पाहिल्या गेल्या, लक्षपूर्वक पाहिल्या गेल्या, आणि पाहणाऱ्यांत मी होतो, एवढे मला सिद्ध करावयाचे आहे.

हे सिद्ध करण्याची वेळ का आली, ते तुला ठाऊक आहे. दसऱ्यानंतरच्या फोनवर माझ्या सांगण्यावरून तुझी आई तुला म्हणाली, "अप्पा म्हनतेत, भोपळ्याची कॅसेट लई चांगली होती. कापायची तऱ्हा तर लईच." त्यावर तू बराच वेळ गप्प राहिलास आणि मग म्हणालास, "आई, तिथं कुणी बघतच न्हाई. अप्पा नुस्तं चांगलं हाय म्हणून मोकळे होतेत. आता न्हाई पाठवत मी. हितलंच आणखी तीन वर्षाचं कागद करून टाकतो." तुझी आई रिसीव्हर कानापासून चार बोटे दूर धरते, त्यामुळे मला सारे ऐकू आले. फोन ठेवल्यावर तिने मला काही विचारले नाही. त्या दिवसापासून ती टीव्हीच्या खोलीत बसत नाही. भाजी निवडायची झाली तरी ओसरीवर नेते.

तिथल्या कारखान्याच्या त्या तीन वर्षांच्या कागदावर तू डिसेंबरअखेर सही करणार, असे तिच्याकडून कळले. तेव्हा माझे म्हणणे त्याआधी तुझ्यापुढे असावे.

पुरावा देतो. मुळ्याच्या कॅसेटमध्ये डावीकडच्या आचाऱ्याने मुळा न तुटता असा सोलला की त्याचा एक लांब पापुद्रा झाला आणि पलीकडचा दिवा त्यातून दिसत होता. तुझ्या आईने दुसऱ्या दिवशी विळीवर तसा प्रयत्न केला. जे तुकडे झाले ते आम्ही भाकरीबरोबर खाल्ले. वांग्यांच्या कॅसेटमध्ये चव घेणाऱ्या तिघांपैकी ती वयस्कर बाई पहिल्या घासानंतर काड्या खाली ठेवून नुसती बसून राहिली. दुसऱ्या आचाऱ्याच्या ताटाला तिने तसे केले नाही, आणि निकाल मी तिथेच ओळखला होता. रताळ्यांची कॅसेट निकालाआधीच संपली. तुझ्या आईचे मत सालीसकट भाजणाऱ्याच्या बाजूने, माझे दुसऱ्याच्या. "तुमाला चुलीतलं काय कळतंय," असे ती म्हणाली. मी म्हणालो, न्यायाधीशाने गुन्हा केलेला असावा लागत नाही. सकाळच्या चहापर्यंत आमचे बोलणे बंद होते. न पाहिलेल्या गोष्टीवरून नवरा-बायकोचे भांडण होत नाही.

आणखी एक. आपल्या जुन्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर तुझ्या कॅसेटांचे चित्र स्थिर राहत नसे, सारखे वर सरकत असे. मागचे बटण बोटांत धरून ठेवले तरच ते थांबे. ते बटण मी धरीत असे, उभा राहून, डोके पुढे काढून. ज्याला पाहावयाचे नसते तो मनुष्य खुर्चीवर बसतो.

तू प्रत्येक कॅसेटबरोबर चिठ्ठी पाठवीत होतास. 'अप्पा, उजवीकडच्याचे हात बघा', 'आई, हा बिचारा दोनदा हरलेला आहे'. त्या चिठ्ठ्या वाचूनच आम्ही पाहावयास बसत होतो. भोपळ्याच्या कॅसेटबरोबर चिठ्ठी नव्हती. ती येण्यापूर्वी आपल्या दोघांत जो पत्रव्यवहार झाला, त्याचा उल्लेख टाळून मला पुढे जाता येईल असे वाटले होते. ते शक्य दिसत नाही.

श्रावणात तू लिहिलेस की तिथे मासा खाल्ला आहे आणि अधूनमधून खातोस. कोणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावे म्हणून लिहितोस. मी उलट टपाली लिहिले की लिंगदीक्षा झालेल्या मनुष्याने हे केले असेल, तर घराचा उंबरा ओलांडण्यापूर्वी मठात स्वामींकडून शुद्धी करून घ्यावी. दसऱ्याच्या सुट्टीला तू आला नाहीस. कॅसेट आली.

आता भोपळ्याविषयी. स्पर्धेच्या आरंभी जिन्नसावर झाकलेले कापड उचलले तेव्हा फळीवर एक जाड, लांबट तुकडा होता. वर गडद साल, आत सर्वत्र एकसारखे मऊ. डोके नाही, शेपूट नाही, हाड नाही, काटा नाही. आजवर आलेल्या साऱ्या कॅसेटा भाजीपाल्याच्या होत्या. ही त्याच स्पर्धेची; म्हणून हीही भाजीचीच; आणि एवढी मोठी, जाड सालीची भाजी म्हणजे लाल भोपळा. तुझी आई म्हणाली, "असंल. तिकडचा भोपळा तसा असंल." मी ते एकमत मानले. तू ज्यावर गप्प झालास ते माझे वाक्य या अनुमानातून निघाले होते. त्यात उपहास नव्हता आणि डोळेझाकही नव्हती.

परंतु तुझे ते गप्प होणे मला पटेना. वकिली करीत होतो तेव्हा कोर्टात साक्षीदार अशा जागी थांबला की मी कागद पुन्हा काढून पाहत असे. इथे कॅसेट पुन्हा पाहणे आले, आणि दिवाळीत आपला टीव्ही पूर्ण बंद पडला. केजच्या मेकॅनिकने नळी गेली म्हणून सांगितले.

मेंढरे विकून हरिबाने यंदा रंगीत टीव्ही घेतला आहे. आपल्या मळ्याच्या बांधाला बांध असलेला हाच हरिबा; लहानपणी त्याच्या कोकरांमागे तू दिवसदिवस हिंडत होतास. गेल्या सोमवारी व्हीसीआर पिशवीत घालून मी त्याच्याकडे गेलो. तुझी आई न बोलावता बरोबर आली. आपण त्यांच्या घरचे शिजवलेले घेत नाही हे त्याच्या बायकोला, छबुबाईला, ठाऊक आहे. तिने आमच्यापुढे सालीची केळी ठेवली आणि खुर्च्या पुसल्या.

कापड उचलले. तो तुकडा लाल होता. भोपळ्याचा लाल नव्हे.

मग हरिबा म्हणाला, "अप्पा, असला भोपळा आमच्यात बोकड कापल्यावर दिसतो."

"गप बसा की," छबुबाई म्हणाली. "अप्पांसमोर काय बोलाया लागलाव."

"खोटं बोलू का मग? मासा हाय त्यो. मांजरा धरणात गावतो त्याच्या दहापट." तो उठून टीव्हीजवळ गेला. "बंद करू का, अप्पा?"

तुझी आई पडद्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "निकाल लागू दे."

आम्ही शेवटपर्यंत पाहिले. आचाऱ्याने सुरी ओढावयाची ती एकाच दिशेने, मागे न आणता. पहिल्या वेळी ज्या कापण्याची मी वाखाणणी केली ती आताही खरीच होती, एवढे नमूद करतो.

चित्र संपल्यावर हरिबाने विचारले, "राजा कावून येईना झालाय? गेल्या सालाला आलं हुतं की पोरगं."

मी उत्तर देण्याआधी तुझी आई म्हणाली, "मासा खाल्ला त्यानं. उंबऱ्याबाहेर हाय."

हरिबा थोडा वेळ हसत होता. मग त्याच्या ध्यानात आले की ती थट्टा नाही. "आन् मी?" तो म्हणाला. "मी काय शेपूभाजीवर जगलो व्हय? तुमच्या ओसरीवर बसून बसून फरशी गुळगुळीत केली म्या. तुमी पानाचा डबा पुढं सारताव. मग मी तुमचा पोरापेक्षा जवळचा झालो की, अप्पा."

उत्तर माझ्यापाशी तयार होते. हरिबाने दीक्षा घेतलेली नाही, तू घेतली आहेस. ज्याने व्रत घेतले त्यालाच व्रतभंग लागतो. उत्तर निर्दोष होते. मी ते दिले नाही. केळे सोलीत राहिलो.

येताना गल्लीत अंधार होता आणि तुझ्या आईचा गुडघा धरला होता, म्हणून आम्ही सावकाश चाललो होतो. मी माझ्या अनुमानातला दोष शोधीत होतो. तो दोष सालीत नव्हता आणि काट्यातही नव्हता. साऱ्या कॅसेटा भाजीच्या, म्हणून ती स्पर्धाच भाजीची, असे मी धरून चाललो होतो. पण तो देश चहूबाजूंनी समुद्राचा. तिथल्या स्पर्धेत नेमाने मुळा, वांगे आणि रताळेच कसे येईल? ते तसे येत नाही. याचा अर्थ कोणीतरी वेचीत होते. कामावरून आल्यावर कोणीतरी मासळीचे, कोंबडीचे भाग बाजूला सारीत होते आणि आमच्या डोळ्यांना चालेल तेवढेच पोस्टात टाकीत होते.

मी तुझ्या आईला हे सांगितले. ती थांबली. म्हणाली, "मला वाटलं, तुमाला ठाव हाय. त्यो पयल्यापासून निवडूनच पाठवीत हुता की. तुमी वकील माणूस, तुमाला कळलंच असंल, म्हणून मी कधी बोलले न्हाई."

"आणि हा मासा?" मी विचारले. "भोपळा तू पण मानलास."

"मानला. त्यो आसं काही पाठवंल, हे माझ्या मनात कशाला येईल?" मग काही पावले गेल्यावर ती म्हणाली, "दमला असंल निवडून निवडून."

राजेश्वर, मी माझे साध्य सिद्ध केले असे मला वाटते. कॅसेटा पाहिल्या गेल्या. जी कॅसेट तू उत्तर म्हणून पाठविलीस, ती आमच्या पडद्याला रंग नसल्यामुळे उत्तर म्हणून पोचली नाही, आणि माझी स्तुती तुला न पाहिल्याची खूण वाटली. इथे हे पत्र संपावयास हवे. परंतु पुरावा एकदा कोर्टापुढे आला की तो दावेदाराच्या मर्जीपुरता थांबत नाही.

काही गोष्टी स्पष्ट असाव्यात. मी बदललो असा माझा दावा नाही. मासा माझ्या ताटात किंवा या घराच्या चुलीवर येणार नाही. तू काय खावेस हे मी आता ठरवू शकत नाही, आणि तुझे खाणे मला रुचते असे खोटे लिहिणार नाही. तुझ्या आईने सुचविले होते की 'जाऊ दे, झालं गेलं' असे दोन शब्द लिहावे. ते मी लिहीत नाही, कारण त्याने काहीच ठरत नाही.

शुद्धी कशासाठी असते, एवढेच पाहू. ज्याच्या मनातून घराचा नेम सुटला, त्याने तो पुन्हा धरला आहे याची ग्वाही म्हणून ती असते. तू दोन वर्षे परमुलखात, एकट्याच्या खोलीत, कोणी पाहत नसताना, हा नेम आमच्यासाठी सांभाळलास. तू स्वतः खात होतास तेव्हाही, घरात मासा चित्रातून येऊ नये म्हणून जपत होतास. मग खाल्ल्याचे कोणी न विचारता लिहून कळविलेस. नेम सुटलेला मनुष्य यातले काहीही करीत नाही. तो सारी कॅसेट पाठवितो आणि पत्रात हवापाणी लिहितो. तुझी ग्वाही माझ्या घरात, टीव्हीखालच्या फळीवर, ओळीने रचलेली होती. अट लिहिताना मी त्याच फळीवर दौत ठेवली होती.

जे आधीच सिद्ध आहे त्याला पुन्हा पुरावा मागणे, याला शास्त्रात सिद्धसाधन म्हणतात. तो वादातला दोष आहे. समोरच्या वकिलाकडून तो झाला की मी त्याला बसू देत नसे.

हरिबा काल म्हणाला, राजा आला तर तो आणि मी एकदमच उंबरा ओलांडू, बघू अप्पा कुणाला अडवतेत. मी त्याला सांगितले की कोणालाच नाही. तुझ्या आईने हे आतून ऐकले आणि हरिबाला न विचारता त्याच्यासाठी दुसरा कप चहा आणला.

सही करावी की नाही, हे तू तिथले पाहून ठरव. मी त्यात शब्द घालीत नाही. मात्र घरी येता येत नाही म्हणून सही करू नये. ते कारण आजपासून उरलेले नाही. पत्र गावच्या पेटीत न टाकता उद्या मी केजला जाऊन रजिस्टर करतो. रंगीत टीव्हीची चौकशीही तिथेच करीन. कॅसेटा पाठवावयाच्या झाल्यास न निवडता पाठव. न पाहण्याजोगा भाग आला तर मी बाहेर जाऊन बसेन; तुझी आई म्हणते, ती बसून राहील.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा, शुद्धीवर राहून लिहिलेला. कबूल करतो की श्रावणात घातलेली अट चूक होती, ती चूक माझी होती आणि ती मी मागे घेतली आहे.

धोंडप्पा