मधल्या धारेपर्यंत ओस्मानने, पुढे नेल्सीने

मी, एदुविहेस चाकोन, तार्सिसिओ रोलोन यांची विधवा, वय बहात्तर, धंदा जीन्सची शिलाई, जन्म कोलंबियातला, राहणार उरेन्या, व्हेनेझुएला, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मनाने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. भीती आहे, आणि ती मी लपवत नाही.

भीती मरणाची नाही, नदीच्या चुकीच्या काठावर मरण्याची आहे. तार्सिसिओ पलीकडे कोलंबियात, कुकुताच्या दफनभूमीत आहे आणि त्याच्या शेजारची जागा माझी आहे. पूल बंद, दोन्ही सरकारांचे बोलणे बंद, कोलंबियाच्या वकिलातीला कुलूप. मेलेल्या माणसाला पलीकडे न्यायला वकिलातीचा शिक्का लागतो. जिवंत माणूस आडवाटेने नदीत उतरून जातो तरी. शेजारीण ब्रिखिदाची शवपेटी पुलावरून परत आली, हे मी डोळ्यांनी पाहिले. तिचे आईबाप पलीकडे पुरलेले आणि ती इथे, वीटभट्टीमागे. तेव्हापासून छातीत जरा कळ आली की मला ती वीटभट्टी दिसते.

कलम पहिले. डॉक्टरीणबाईंनी आशा सोडताच मला जिवंतपणी पलीकडे न्यावे.

कलम दुसरे. घर, पत्र्यासकट, मुलगा ओस्मान याला. पण वरचे कलम पाळले तरच. "बघू पुढच्या आठवड्यात" करत त्याने मला इथेच मरू दिले, तर घर माझा दीर देमेत्रिओ याला जावे. या देमेत्रिओने माझी शिडी नेली त्याला एकोणीस वर्षे झाली, अजून आणतोच आहे.

कलम तिसरे. दोन सुयांचे मशीन मुलगी नेल्सी हिला, जी कुकुतात राहते. शहात्तर साली मी पूल ओलांडून आले ती अशाच मशीनवर बसायला. तेव्हा इकडे तेलाचा पैसा होता आणि आम्ही शिवलेल्या पँटी ट्रक भरभरून पलीकडे जायच्या. इथल्या बायका म्हणायच्या, "ए कोलंबियावाले, पिशवी दाखव बघू जाताना." आता त्यांच्याच मुली पलीकडे लोकांची भांडी घासतात आणि तेच ऐकून घेतात. मला बरे वाटायला हवे होते, पण वाटत नाही.

इथे माझी एक चूक लिहून ठेवते. नेल्सीची जन्मनोंद मी वकिलातीत जाऊन केली होती. ओस्मानच्या वेळी बसने वीस मिनिटांची वाट, तरी गेले नाही. म्हटले, कोलंबियाचे कागद हवेत कोणाला? आळस होता, आणि मिजासही. आज त्याच्याकडे ते कागद नाहीत, म्हणून पलीकडे राहता येत नाही. आडवाटेवरच्या बंदूकवाल्यांनी त्याला बडवून सांगितले आहे की पुन्हा पलीकडच्या काठावर दिसलास तर पाय मोडू.

हे सगळे त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "आई, तिकडे जाऊन तू मेलीच नाहीस तर? सहा महिने जगलीस तर मी तुला बघायचं कसं?"

"जगेन की. नेल्सीच्या हातचं अळणी सूप पिऊन."

"मला सोडून."

मी त्याला समोर बसायला सांगितले.

कलम चौथे, आम्ही दोघांनी बसून ठरवलेले. मला चामड्याच्या खुर्चीत बसवून, सकाळी, पाणी कमी असताना, मधल्या धारेपर्यंत ओस्मानने न्यावे. तिथून नेल्सीने आपल्या माणसांकरवी उचलावे. घराची अट मी रद्द करते. देमेत्रिओने शिडी तेवढी परत करावी.

कलम पाचवे. माझा जीव अलीकडच्या पाण्यातच गेला, तर मागे फिरू नये. माझी टोपी डोळ्यांवर ओढावी. ओस्मान, तू बोलत राहा. मशीनला तेल घातलं नाही, गोळी घ्यायला विसरले, यावरून रोज भांडतोस ना, तसाच मोठ्याने भांड. मेलेल्या बाईशी कोणी भांडत नाही, म्हणून त्या बंदूकवाल्यांना संशय येणार नाही. खुर्ची नेल्सीच्या माणसांच्या हातात जाईपर्यंत गप्प बसू नकोस, माझ्या राजा.

सही: एदुविहेस चाकोन
उरेन्या, ११ फेब्रुवारी २०२१

साक्षीदार:
इल्दा उस्कातेगी, शेजारच्या मशीनवरची
पोन्सियानो दुआर्ते, सुतार. खुर्चीला दांडे यानेच बसवले

मुलाचा शेरा: वाचलं. भांडेन. ओस्मान