पाणी तपासायला आणलेला मासा

रविवार, संध्याकाळ

रंगीत प्रवाळ नि जोकर मासे नंतर. खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत आधी साधा निळा मासा सोडायचा. गुजराती दुकानदार म्हणाला, "पहेलां आ नाखो. मरी जाय, तो पाणी काचुं." म्हणजे हा मेला, तर पाणी अजून माशांजोगं झालेलं नाही. म्हणून आणला.

मूर्ख मासा. मला पाहिलं की काचेशी यायचा. लेक त्याला नाव शोधत बसली तेव्हा मी खेकसलो, "नाव-बिव ठेवायचं नाही!"

आज काचेशी आला नाही. तळाशी आडवा पडला होता. लेक रडत म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

होतंच. उद्या दुसरा आणू, त्यात काय? नंदेसरीला आमच्या रसायनांच्या कारखान्यातली टाकी साफ करायची असली की मी आधी कंत्राटी माणूसच उतरवतो. उतरताना तो माझ्याकडे बघून हसतो. त्याचंही नाव मी विचारलेलं नाही.