विहिणीच्या घरची नात

रविवार, १३ जुलै २०२५

जागू भेटली! माझी नात, शिवाजीची पोर. पाच वर्षांची. पुढचा दात पडलाय, हसली की इतकी गोड दिसते — मीच दृष्ट काढली. सारंगखेड्याहून सुनेच्या माहेरी, प्रकाशाला जायला असं काय लागतं, रिक्षा भरली की पोचलेच. तरी पहाटेच आवरून बसले.

आणि दारात कोण? विहीण. निशाची आई, रुखमाबाई. कडेवर माझी नात! एवढी मोठी पोर कडेवर घेतात का? तर म्हणे, "तिले सवय शे वं." सवय लावली कोणी?

जागू तिला माय म्हणते. मला आजी! शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. वर त्यांच्याकडे बकरी. आधी बकरीला पाला, मग बकरीशी गप्पा, मग मी. म्हणजे विहीण, बकरी आणि मग आजी!

हुकूम मला पाठ आहे. शिवाजीने निशाला मारलं, म्हणून शहाद्याच्या कोर्टाने त्याला बांधलंय — प्रकाशाच्या घराकडे फिरकायचं नाही, निशाला फोन नाही, पोर आईजवळ. मला रविवारची मुभा. ती निशानेच मागितली, साहेबासमोर. "आत्याबाईंना येऊ द्या." सून गुणाची. पण आपल्याच नातीला पाहुणीसारखं खाटेवर बसून भेटायचं — हे जिचं तिलाच ठाऊक.

बुधवार, १६ जुलै

रविवारी विहिणीने जागूच्या वेण्या घातल्या होत्या, लाल रिबिनी लावून. एक वर, एक खाली. तीन दिवस तेच डोळ्यापुढे!

रविवार, २० जुलै

आज जागूने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं! चांगली झोपली. मी पाय हलवला नाही, मुंग्या आल्या तरी. विहीण म्हणाली, "खाली ठेवा, पाय दुखी." दुखू दे, माझा पाय आहे.

कानबाईचा सण आला जवळ. आमच्याकडे देवीच्या प्रसादाच्या रोटासाठी गहू मुठीने घेतात, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने. मी जागूच्या नावानेही एक मूठ घेणार. कोण बघतं! आणि रोट भाऊबंदांबाहेर कोणाला चालत नाही. म्हणजे विहिणीला चालत नाही! तिने पोरीला रोज दूध-भाकर घालावी, पण रोट माझ्याच चुलीचा.

फक्त पोर माझ्या घरी पाहिजे. एक रात्र तरी.

सोमवार, २१ जुलै

निशाची केस बघणाऱ्या संरक्षण अधिकारी मॅडमकडे गेले होते. तरुण आहेत, बोलतात चांगलं, चहा पाजला. चहा फारच गोड. म्हटलं, कानबाईला नातीला माझ्याकडे राहू द्या.

"मावशी, शिवाजी त्याच घरात राहतो ना?"

"राहतो."

"मग नाही पाठवता येणार."

घर माझं! ह्यांनी जाताना माझ्या नावावर करून दिलेलं. आणि माझ्याच घरात माझी नात नाही! विहिणीकडे मात्र बारा महिने.

शनिवार, २६ जुलै

शिवाजी आज गोड बोलला. कितीतरी दिवसांनी माझ्याजवळ बसून जेवला.

"माय, तू फक्त तिले केदारेश्वरना देऊळ लगून लई ये. मी गाडी लई उभा ऱ्हास. मंग ती तुन्हीच. रोज तुन्हा जोडे ऱ्हाई."

रोज माझ्याजवळ! मी नाही म्हटलं नाही. देवळापर्यंत पोर नेली की हुकूम मोडतो, हे कळत होतं. पण मनात आलं, एकदा पोर माझ्या उंबऱ्यात आली की विहिणीने बसावं बकरीच्या वेण्या घालत.

रविवार, २७ जुलै

निशा आत कपडे धूत होती. विहीण पाल्याला गेलेली. मी जागूला म्हटलं, "चल, देवळात जाऊ. मग आपल्या घरी." उड्या मारायला लागली. चपला घातल्या. उलट्या घातल्या, मी सुलट केल्या.

दारात थांबली. "पप्पा शेतस का तठे?"

म्हटलं, शेतस, तिथेच आहेत.

रडली नाही. चपला काढल्या, खाटेखाली जोडीने नीट लावल्या. म्हणाली, "तू जाय, आज्जी. मी आठूनच हात हलावस." आणि हलवत राहिली, मी वळणावर जाईपर्यंत.

शिवाजी देवळाजवळ गाडीवर बसलेला. मला एकटीला बघितलं. मागे बसवून गाडी सरळ घरी आणली.

सोमवार, २८ जुलै

डाव्या हाताने लिहितेय. उजवा सुजलाय, मनगटापाशी.

शेजारच्या रमिलाबाईने हळद लावून बांधला. तिला सांगितलं, मोरीत घसरले. ती बांधता बांधता म्हणाली, "निशाबी मोरीमाच पडे ना वं?"

मी हळदीकडे बघत बसले.

शुक्रवार, १ ऑगस्ट

गहू घेतले. डाव्या हाताची मूठ लहान भरते. जागूची घेतली. शिवाजी घरातच होता. त्याचीही घेतली, किती झालं तरी.

मंगळवार, ५ ऑगस्ट

काल कानबाई तापीत शिरवली, विसर्जन केलं. आज रोट घेऊन प्रकाशाला. रविवार नव्हता, तरी निशाने आत घेतलं.

विहीण लांब जाऊन बसली. "तुमना रोट आम्हले चालत नही, माहीत शे. खावाडा पोरले." मी खाऊ घालायला गेले तर घास हातातून पडला. हात चालत नाही. दुसरा घासही पडला. जागू हसायला लागली!

मग विहीण उठली, आत गेली, वरण-भात कालवून आणला आणि मला भरवला. मला! लहान पोरासारखं. मी तोंड मिटून घेतलं तर म्हणे, "आ करा वं, विहीणबाई, हात बठ्ठा भरना." हात खरंच बरबटला होता तिचा. भातात मीठ बरोबर होतं. तेही बरोबर!

निशाने माझं मनगट पाहिलं. म्हणाली, "आत्याबाई, इथंच राहा."

जागू माझ्या आणि विहिणीच्या मध्ये झोपली. तोंड तिच्याकडे. पाय माझ्या पोटावर.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज विहीण सोबत आली, मॅडमसमोर अर्ज दिला. माझ्या नावाने. माझ्या शिवाजीवर — त्याने माझ्या घरात राहू नये, माझ्या अंगावर हात टाकू नये. मॅडम म्हणाल्या, आईलाही तोच कायदा आहे. हुकूम झाला की जागूला माझ्याकडे राहायला पाठवायचं बघू.

डाव्या हाताने सही केली. मला रडू आलं नाही. विहिणीला आलं — माझ्या पोरासाठी, माझ्या आधी!