पुलावरचा गिअर

प्रिय लेआर्को,

तुझं पत्र पोचलं. शर्यतीच्या नव्या संघाने तुला घेतलं, जानेवारीत बोटीने अर्जेंटिनाला निघणार, हे मी गल्लीभर सांगून मोकळी झाले. आईने मात्र पातेलंच आपटलं. म्हणाली, "खांद्याचं हाड जुळलं नाही तोच निघाला दुसरं मोडायला!" मग तुझा पेपरातला फोटो पुसून परत कपाटावर ठेवला.

बाबांचं तर तुला माहीतच आहे. त्यांचं बैलगाड्यांच्या चाकांचं काम सोडून तू मोटारसायकलच्या शर्यतीला पळालास, तेव्हापासून घरात तुझं नाव 'तो' आहे. आता तर तू मोटार कारखान्याच्या लाल शर्यतीच्या गाड्या चालवतोस, दोनदा पहिला आलास, तरी 'तो' तो 'तो'च.

पण तुला एक ठाऊक नाही. ब्रेशियाहून सुटणारी मोटारींची शर्यत दर मे महिन्यात गावातून जायची तेव्हा गाडीचा आवाज आला की चर्चची घंटा वाजवायची, म्हणजे लोक पोरं-कोंबड्या आवरून रस्ता मोकळा करत. ते काम बाबांनी हट्टाने मागून घेतलं होतं. तुझी गाडी गेली की दोर फादरच्या हातात देऊन ते सरळ घरी यायचे. गाडी दिसायच्या आधीच ती तुझी, हे त्यांना आवाजावरून कळायचं. जेवताना म्हणायचे, "सगळे पुलाआधी गिअर उतरवतात. हा गाढव पुलावर आल्यावर!" आणि चेहरा असा, जणू साऱ्या जिल्ह्यात तेवढा एकच गाढव आणि तो आमचा.

यंदा मे महिन्यात तू आलाच नाहीस. सगळ्या गाड्या गेल्या, लोक खुर्च्या उचलून घरी गेले. फादर घंटेच्या मनोऱ्याखालून बाबांना ओरडले, "ओ प्रिमो, उतरा आता, संपली शर्यत!" वरून उत्तर आलं, "एक यायचीय." घाटात तुझी गाडी बंद पडली आणि तू सुखरूप आहेस, असा बारमध्ये फोन आला तेव्हा कुठे ते उतरले. गार सूप प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली, आणि तुझा रागही.

आता ती शर्यतच सरकारने बंद केली. आणि बाबांचे कान चाललेत. डावा गेला. उजवाही ईस्टरपर्यंत टिकायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात. आईलासुद्धा त्यांना दोनदा हाक मारावी लागते.

काल मी तुला लिहायला बसले, तर ते चुलीपाशी उभे राहून म्हणाले, "त्याला लिही. बोटीत बसण्याआधी येऊन जा म्हणावं. गाडीने." मी म्हटलं, "लाल गाडी कारखान्याची आहे, बाबा, ते देतील का?" तर म्हणाले, "कुठलीही चालेल. मला गाडी ऐकायची नाहीये, त्याला ऐकायचंय." म्हणून हे पत्र. लेआर्को, लवकर ये, नदीकडच्या रस्त्याने ये. आणि गिअर पुलावर आल्यावरच उतरव. त्यांनी खुर्ची आत्ताच खिडकीशी नेऊन ठेवली आहे.

तुझी वाट पाहणारी, तुझी बहीण,
एर्सिलिया