पांगुळगाड्यावरचं नाव

गोरेगाव,
रविवार दुपार

प्रिय गोदाआत्या,

तुला कधी राग आला नाही का गं? तू गेल्यापासून हा प्रश्न डोक्यात आहे आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून नानांनी आळीभर पेढे वाटले, शाळेत मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवते. पण माझ्याच घरात राहणाऱ्या माझ्या आत्याला राग येत होता की नाही, हे मला सांगता येत नाही.

म्हणून हे पत्र. काल एक गोष्ट घडली तीही सांगायची आहे. पण आधी तुझ्याशी थोडं भांडायचं आहे.

तुझ्या तेराव्याला पंगतीत कोणीतरी म्हणालं, "बिचारी गोदाताई. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." मी वाढत होते. हातातलं आमटीचं भांडं आपटावंसं वाटलं. ह्या आळीतली निम्मी पोरं जो पांगुळगाडा धरून उभी राहायला शिकली, तो कुणी उभा केला होता? कोकणातून आला तेव्हा त्याचं एक चाक नव्हतं आणि दांडी दुभंगलेली होती.

दुपारची भांडी आवरली की तू मागच्या पायरीवर विहिरीकडे तोंड करून बसायचीस. मांडीवर कुणाचा तरी पाय मोडलेला बैल, नाहीतर कान तुटलेला घोडा. चिंचोके शिजवून खळ करायचीस, तिच्यात लाकडाचा भुसा कालवून चिरा बुजवायचीस, आणि वाळलं की काचपेपरनं घासत राहायचीस. "कंटाळा येत नाही?" मी एकदा विचारलं. म्हणालीस, "हात चालला की डोकं गप्प बसतं गं. दिवसभर त्याचीच तर कटकट."

तुझा विसावा तो, असं मी धरून चालले. आता आठवतं, घासताना तुझे दात घट्ट आवळलेले असायचे. काय बोलायचं तुझं डोकं, की त्याला असं गप्प बसवावं लागायचं?

जुन्या खेळण्यांवर पोरांच्या दातांच्या खुणा असायच्या, तेवढ्या मात्र तू चुकवायचीस. काचपेपर त्यांच्या भोवतीनं फिरायचा. "दात येताना चावलंय ते पोर. ते कशाला घालवायचं?"

शेजारच्या मालूकाकूंच्या धाकट्याच्या बारशाला मी सात-आठ वर्षांची असेन. पाळण्यावर टांगायच्या त्यांच्या जुन्या चिमणाळ्याचे लाकडी पोपट पार उडालेले होते. कुणाची चोच नाही, कुणाचं शेपूट नाही. तू ते पुन्हा हिरवेगार केलेस आणि माझ्या हातात दिलेस. "सांग, आईनं पाठवलंय."

"पण तू केलंयस ना?"

"पाळण्याच्या कामात माझा हात नको. सांगते तसं सांग."

सोळाव्या वर्षी कुंकू पुसलेल्या बाईचा हात. मी सांगितलं तसं. आळीतल्या साऱ्या बायका पाळण्याभोवती होत्या, तू मागच्या पायरीवर. संध्याकाळी मला जवळ घेऊन एवढंच विचारलंस, "पोपट फिरत होते का नीट? एक जरा जड झाला होता."

आत्या, तेवढंच कसं गं विचारलंस?

त्यानंतर कितीतरी खेळणी मी दारोदार पोचवली आणि दर वेळी तेच वाक्य म्हटलं. राबलीस तू, नाव आईचं, आणि खोटं बोलायला मी. ह्याचा राग मला तुझ्यावरसुद्धा आहे. गेलीस म्हणून तो सोडून देऊ का?

नानांवर, तुझ्या सख्ख्या भावावर, तर आहेच. समाजसुधारणेवरची भाषणं ऐकायला ते दादरपर्यंत जायचे. कॉलेजात असताना मी जेवताना त्यांना विचारलं, "आत्याला कुठल्याच बारशाला का बोलावत नाहीत?" म्हणाले, "तुझं खरं आहे. पण आपल्याला ह्याच आळीत राहायचंय." आणि ताक मागितलं. ताक आणून दिलंस तू.

आता कालची गोष्ट. मालूकाकूंचा नातू धरून उभा राहायला लागला, म्हणून त्यांनी पांगुळगाडा मागितला. आई म्हणाली, "आधी सुताराला बोलावते. वरून रंधा मारून नवा रंग देऊ."

"कशाला? लाकूड धड आहे."

"लाकडाचं नाही गं. बाळाचं काम आहे. तिचा हात लागलाय सगळीकडे."

"तिचा हात लागला म्हणून तर तो चालतो."

"तू शिकलेली, आम्ही अडाणी. झालं?"

रंधा फिरला असता तर तुझं सगळं काम गेलं असतं, आणि तू इतक्या सांभाळलेल्या त्या दातांच्या खुणासुद्धा. सुतार आला, त्याला मी फाटकातूनच परत पाठवलं. मग तुझी हत्यारांची पेटी उघडली. एका चाकाची खुंटी सैल होती, दांडीला नवी चीर गेली होती. पहिल्यांदा खळीच्या गुठळ्या झाल्या, ती टाकून पुन्हा केली. वाळल्यावर घासलं, खुणा चुकवून. माझाही हात चालला, पण डोकं काही गप्प बसलं नाही.

शेवटी छत्रीची एक जुनी काडी विस्तवात तापवली आणि पोरं जिथं धरतात त्या आडव्या दांडीवर डागून लिहिलं : गोदावरी.

आईनं पाहिलं. "आता ह्याला कोण हात लावील?" म्हणाली. मी तो उचलला आणि मालूकाकूंकडे घेऊन गेले. वाटेत पुरं भाषण जुळवलं होतं. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, नाव कशाला घातलंस? आम्हाला काय ठाऊक नव्हतं? ते पोपटसुद्धा तिचेच. तुझ्या आईला कधी चोच बसवता आली असती का?"

म्हणजे ठाऊक होतं. इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या खोट्यानं कुणी फसलंच नव्हतं. तुला दाराबाहेर ठेवायला मात्र ते सगळ्यांना पुरलं. त्यांना ठाऊक आहे, हे तुलाही ठाऊक होतं का?

"ठाऊक होतं, तर बोलावलंत का नाही?" मी विचारलं.

काकूंनी चष्मा काढून पुसला. मग नातवाला गाड्यापाशी उभं केलं. त्यानं दोन्ही मुठींनी दांडी धरली, वाकला आणि तुझ्या नावाशेजारीच कडकडून चावला. "अरे, शी," म्हणत काकू पुढं झाल्या.

"चावू दे त्याला," मी म्हटलं.

राग गेलेला नाही, आत्या. मला तो घासून घालवायचाही नाही. 'आईनं पाठवलंय' हे वाक्य ह्या घरातून पुन्हा कुठल्याही खेळण्याबरोबर जाणार नाही, हा माझा शब्द. आणि तुझी पेटी मी मागच्या पायरीवरून उचलून पुढच्या व्हरांड्यात आणली आहे. आत्ता तिच्याशेजारी बसूनच लिहिते आहे. रस्त्यानं जाणारे वळून बघतात. बघू देत.

तुझी,
सुमन