तोरणाखालचा क्रम

उटनूर,
आषाढ वद्य पंचमी, १३५१ फसली

ती. पद्मिनीअक्कास,
अमृतचा साष्टांग नमस्कार. भाऊजींचा दमा आता कसा आहे?

अक्का, आपल्या मोहधऱ्याची माणसं म्हणावीत अशी तू, मी आणि चार-दोन म्हातारी उरलो. आपल्या सगळ्यांची तक्रार एकच. जंगलाची हद्द आखताना आपलं गाव उठवलं आणि नकाशावर लिहिलं, इथे वस्ती नव्हतीच.

ती होती, हे मी प्रबंधात मांडतो आहे. राज्य कागदावर उभं राहतं, गाव आठवणीत. मोहधऱ्यात जे घर आधी वसलं, त्याची बैलजोडी पोळ्याला तोरणाखालून आधी जायची. तो क्रम हाच गावाचा इतिहास. पण परीक्षक हसले. "अमृतराव, आपके गवाह तो आपस में ही नहीं मिलते. ये बाब निकाल दीजिए."

परीक्षक खोटं बोलत नाहीत. परवा इचोड्यात, आपली म्हातारी आता राहतात तिथे, मारोतरावांना विचारलं.

"पयली जोडी आमची. काऊन इचारून राह्यले?"

शेजारी भगवंतराव बसले होते. "याची? याचा बाप आमच्या बैलाच्या शेपट्या पाहत यायचा मागून."

मग दोघं असे भांडले की चहा तसाच राहिला.

बैल धरणाऱ्याला पुढची जोडी तेवढी दिसते. तू आईसोबत तोरणापाशी उभी असायचीस, प्रत्येक जोडीच्या पायांवर पाणी घालायचीस. सगळं गाव तुझ्यासमोरून गेलं आहे. गाव उठल्यापासून तू त्याचं नाव काढत नाहीस, म्हणून विचारायला जीभ रेटत नव्हती.

उठवलेल्या गावांसाठी सभेत मी तासभर गरजतो, लोक टाळ्या वाजवतात. मुक्कामावर परतलो की भाकरी खाल्ली का, एवढंही विचारणारं कोणी नसतं. त्या भांडणाऱ्या म्हाताऱ्यांचा मला हेवा वाटला, अक्का. खरी-खोटी, पण त्यांना रांगेत जागा आहे. मला लहानपणीच हैदराबादला शिकायला धाडलं. बाबांची जोडी कुठे उभी राहायची, मला आठवत नाही. बैलांची नावंही आठवत नाहीत.

येत्या पोळ्याला इचोड्याला ये. तोरणापाशी उभी राहा आणि त्या सगळ्यांसमोर, त्यांनी कितीही गलका केला तरी, पहिल्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंत मोठ्यानं सांग. आपली शेवटची निघाली तरी चालेल.

रांगेबाहेर उभा,
तुझा अमृत